पुलीवरची खाच कितपत खरी? बीटलचं इग्निशन टायमिंग घरच्या घरी लावताना

कोकणात फोक्सवॅगनची जुनी बीटल ठेवणाऱ्याला टायमिंगची, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याच्या वेळेची, चूक गावात कळत नाही. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्यानं गणपतीपुळ्यापर्यंत गाडी मजेत धावते. तीच गाडी साखरपा सोडून आंबा घाटाला लागली, किंवा पोफळीवरून कुंभार्ली चढायला लागली, की दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप मरतो. वर पोचेपर्यंत इंजिनाच्या झाकणाला हात लावता येत नाही, आणि चहाला थांबून बंद केलेली गाडी पुन्हा चालू व्हायला कुरकुर करते. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, जेट फुंकले जातात, पेट्रोलपंप बदलला जातो. टायमिंगकडे मात्र कुणी बघत नाही, कारण ते ‘खाचेवर लावलेलं’ असतं.

गोची तिथेच आहे. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरची ती खाच नेमकी फेरीच्या कुठल्या अंशाची आहे हे तपासल्याशिवाय तिच्यावर लावलेल्या टायमिंगला काही अर्थ नाही. म्हणून या लेखात खाच तपासण्याला जास्त जागा दिली आहे, आणि डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) फिरवण्याला कमी. ते काम खरं तर पाच मिनिटांचं असतं.

इथली सगळी माहिती फोक्सवॅगनच्या बीटलमधल्या १२०० ते १६०० सीसीच्या, पॉइंट-कंडेन्सरवर (डिस्ट्रिब्युटरमधला उघडमिट होऊन ठिणगी पाडणारा स्विच आणि त्याचा जोडीदार) चालणाऱ्या इंजिनांची आहे. हीच इंजिनं फोक्सवॅगनच्याच जुन्या कोंबी व्हॅनमध्ये आणि कारमन घिया गाडीतही बसत, त्यामुळे त्यांनाही हे लागू पडतं.

ठिणगी आधी का पाडायची

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडताक्षणी सगळंच्या सगळं जळत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोचून खाली वळला की साधारण पंधरा अंशांच्या आसपास दाब सर्वात जास्त असायला हवा. तो तसा मिळायचा तर ठिणगी टीडीसीच्या आधी पडायला हवी. वेग वाढला की जळायला मिळणारा वेळ कमी होतो, म्हणून ठिणगी आणखी आधी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली स्प्रिंग लावलेली वजनं करतात, आणि काही डिस्ट्रिब्युटरांत जोडीला कार्ब्युरेटरच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) चालणारा डबा असतो.

ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली जात असतानाही मिश्रण जळत राहतं. ताकद मिळत नाही आणि ती सगळी आग एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आणि हेडवर जाते. फार लवकर पडली तर नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण धडाक्यानं पेटून पिस्टनवर मार बसतो, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीत नॉकिंग कानाला ऐकू येतं, टेंपरेचरचा काटा वर चढतो. बीटलमध्ये इंजिन मागे, त्यात पंख्याचा आवाज मोठा, आणि कंपनीनं तापमानाचा काटाच दिलेला नाही. इंजिन बिघडत असताना तुम्ही निवांत गाणी ऐकत असता. म्हणून या गाडीचं टायमिंग कानानं लावू नये. ‘फिरवत जायचं, आवाज गोड लागला की थांबायचं’ ही पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. तशी लावलेली गाडी आयडलिंगला खरंच छान वाजते, पण टायमिंग बहुतेक वेळा गरजेपेक्षा पुढे गेलेलं असतं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असते.

खाचांचा घोळ

पुली क्रँकच्या मागच्या टोकाला बसते. गाडीच्या मागे उभं राहून इंजिनाकडे बघितलं की ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. इंजिनाचं केसिंग दोन अर्ध्या भागांचं असतं. त्या दोन भागांचा उभा सांधा पुलीच्या बरोबर वर दिसतो, तीच आपली स्थिर खूण. पुलीच्या कडेवरची खाच या सांध्यासमोर आली की क्रँक त्या खाचेच्या अंशावर आला.

आता ती खाच कितीची? बीटल १९३८ पासून बनत होती आणि शेवटची गाडी जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या वर्षांत पुलीही बदलत गेल्या. साठच्या दशकातल्या १२०० सीसीच्या ४० हॉर्सपॉवर इंजिनाच्या पुलीवर बहुधा दोन खाचा असतात. मागून बघताना डावी ७.५ अंशांची आणि उजवी १० अंशांची, दोन्ही टीडीसीच्या आधीच्या. काही पुलींवर याच दोघींच्या डावीकडे शून्याची तिसरी खाच असते. १९७१ ते ७३ दरम्यान अमेरिकेसाठी बनलेल्या १६०० इंजिनांच्या पुलीवर एकच खाच असते, आणि ती टीडीसीच्या ५ अंश नंतरची असते. बाजारात मिळणाऱ्या नव्या पुलींवर तर पूर्ण गोल अंश छापलेले असतात. दिसायला देखणे, पण छापणाऱ्यानं शून्य कुठे धरलं त्याची खात्री कोण देणार?

यातून होणारं नुकसान आकड्यांत बघा. टीडीसीनंतरच्या ५ अंशांची खाच शून्याची समजून तुम्ही तिथून ७.५ अंश मोजले, तर खरं टायमिंग फक्त २.५ अंश आधीचं झालं. गाडी सुस्त आणि गरम. उलट, १० अंशांची खाच शून्याची समजून तिथून आणखी १० मोजले तर मुळातच २० झाले. त्यावर वजनं वेगात आणखी वीस-बावीस अंश वाढवतात, म्हणजे चाळिशीच्या पार. घाटात अशा इंजिनाचं काही खरं नाही.

आपल्याकडे असलेल्या बीटल किती वेळा उघडल्या गेल्या आणि कुठल्या इंजिनाला कुठली पुली चढवली गेली, याचा हिशेब कुणापाशी नसतो. इंजिनाचा नंबर केसिंगवर, जनरेटरच्या स्टँडखाली ठोकलेला असतो. सुरुवातीचं अक्षर डी असेल तर १२००, एफ असेल तर १३००, एच असेल तर १५००. पण हा नंबर केसिंगचा. आत पिस्टन-बॅरल कुठलं आणि बाहेर पुली कुठली, हे तो सांगत नाही.

खरा टीडीसी शोधा, एकदाच

हे काम एकदा केलं की पुली बदलेपर्यंत पुन्हा करावं लागत नाही. पुली क्रँकवर चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) बसते, आपोआप सरकत नाही.

आधी सिलिंडर क्रमांक एक ओळखा. गाडीच्या मागे उभे राहा. उजव्या हाताला दोन सिलिंडर: पुढचा, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीकडचा, एक नंबर, आपल्या जवळचा दोन नंबर. डाव्या हाताला पुढचा तीन, जवळचा चार. ‘पुढचा’ म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूचा, इंजिनाचं तोंड कुठेही असो. इथे गोंधळ होतो, म्हणून प्लगच्या वायरींवर चिकटपट्टी लावून आकडे लिहून ठेवा.

पेचकस किंवा काडी प्लगच्या भोकातून घालून पिस्टन वर आलाय का बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. बीटलमध्ये ती टाळा. प्लगचं भोक तिरकं आहे, आत घातलेली वस्तू अडकते. शिवाय वरच्या टोकाशी पिस्टन काही अंश जवळपास थांबल्यासारखाच असतो, त्यामुळे ‘आला’ म्हणताना चार-पाच अंशांची चूक सहज होते, आणि आपलं सगळं काम तेवढ्याच अंशांचं आहे.

त्यापेक्षा पिस्टन अडवणारा स्टॉप बनवा. जुना १४ मिमीचा प्लग घ्या, आतली चिनीमाती फोडून काढा, आणि लेथवाल्याकडून त्यात आटे पाडून एक बोल्ट बसवून घ्या. बोल्टचं टोक गोल करून गुळगुळीत घासा, म्हणजे पिस्टनला ओरखडा येणार नाही.

चारही प्लग काढा. एक नंबरच्या भोकात हा स्टॉप हातानं आवळा. पुलीचा बोल्ट ३० मिमीच्या पान्यानं, किंवा जनरेटर पुलीचा नट २१ च्या पान्यानं धरून इंजिन अगदी हलक्या हातानं घड्याळाच्या दिशेनं फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की थांबा, जोर अजिबात लावू नका. केसिंगच्या सांध्यासमोर पुलीवर पेन्सिलीनं रेघ ओढा. आता उलट दिशेनं फिरवा. जवळजवळ एक फेरी होईल आणि पिस्टन पुन्हा टेकेल. तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांमधल्या लहान अंतराचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. कागदाची पट्टी पुलीच्या कडेला लावून अंतर उचला, पट्टीची घडी घाला, मध्य मिळाला. तिथे कानशीनं बारीक खूण करा आणि पांढऱ्या नेलपॉलिशनं भरा. स्टॉप काढायला विसरू नका. तो आत असताना स्टार्टर मारला तर पिस्टन गेलाच.

मग बाकीचे अंश. पुलीचा घेर पट्टीनं मोजा आणि ३६० नं भागा. घेर ५४० मिमी आला तर एक अंश म्हणजे दीड मिमी. मग ७.५ अंश म्हणजे सव्वाअकरा मिमी आणि ३० अंश म्हणजे ४५ मिमी. टीडीसीची खूण सांध्यासमोर ठेवून ही अंतरं पुलीच्या कडेवरून उजवीकडे मोजायची, कारण पुली डावीकडून उजवीकडे येते आणि आधी सांध्यासमोर येणारी खूण उजवीकडेच असणार. टीडीसीनंतरचे अंश डावीकडे. शून्य पांढरं, ७.५ पिवळं, ३० लाल असे रंग ठेवलेत तर टायमिंग लाइटच्या (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात चुकायला होत नाही.

हे करून झाल्यावर कारखान्याची मूळ खाच किती अंशांवर आहे ते तुमचं तुम्हाला दिसेल.

आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग

हा क्रम बदलायचा नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, थंड इंजिनावर, रात्रभर उभ्या गाडीवर करा. बहुतेक इंजिनांना दोन्ही व्हॉल्व्हला ०.१५ मिमीची गॅप ठेवतात. फॅन हाउसिंगवर (पंख्याच्या आवरणावर) कंपनीचा स्टिकर शाबूत असेल आणि तो वेगळा आकडा सांगत असेल तर त्याचं ऐका. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

पॉइंटची गॅप ०.४० मिमी. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि आतला फिरता रोटर काढा. इंजिन हातानं फिरवत पॉइंटची फायबरची टाच डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर आणा, म्हणजे पॉइंट सर्वात जास्त उघडतील. तिथे फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घाला, ते हलकं घासत जायला हवं. पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा पडला असेल तर त्यावर फिलर गेज खोटं सांगतं. नवे पॉइंट घाला आणि कंडेन्सरही बदला, कारण खड्डे बहुधा त्याच्याचमुळे पडतात. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर ४४ ते ५० अंश बघा.

पॉइंट आधी का? गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. कमी झाली की मागे येतं. टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटला हात लावला की आधीची सगळी मेहनत पुसली जाते. फायबरची टाच झिजत जाते तसं टायमिंगही आपोआप मागे पडत राहतं. म्हणून कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात हवा. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटवर बसतं.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी धरून आडवा हलवून बघा. खळखळ जाणवली तर बुश (शाफ्टला धरणाऱ्या कड्या) गेलेत. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग लावता येतं, पण टिकत नाही.

कुठला आकडा धरायचा

इथे पुलीपेक्षा डिस्ट्रिब्युटर महत्त्वाचा. त्याच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो, तो पुसून वाचा.

कंपनीचा मूळ डिस्ट्रिब्युटर असेल तर साठच्या दशकातल्या १२०० च्या ४० हॉर्सपॉवर इंजिनाला १० अंश आधी, आणि १९६६-६७ च्या १३०० आणि १५०० ला ७.५ अंश आधी. अमेरिकेसाठीच्या १९६८ ते ७० च्या इंजिनांना शून्य. १९७१ ते ७३ च्या दोन नळ्यांच्या व्हॅक्यूम डब्याच्या डिस्ट्रिब्युटरला ५ अंश नंतर, तेही दोन्ही नळ्या लावलेल्या ठेवून. हा शेवटचा आकडा फक्त त्याच डिस्ट्रिब्युटरचा आहे. त्या खाचेवर दुसरा डिस्ट्रिब्युटर लावून बसलेल्या गाड्याच घाटात धापा टाकतात.

व्हॅक्यूमचा डबाच नसलेला बॉशचा ‘००९’ डिस्ट्रिब्युटर तुम्हाला हमखास भेटेल. त्याला उभ्या, म्हणजे बंद, इंजिनावर ७.५ ते १० अंश ठेवतात, पण तो खरा लावायचा तो वेगात, पूर्ण अॅडव्हान्सवर, म्हणजे वजनं पूर्ण उघडून ठिणगी सर्वात आधी पडते तिथे: साधारण ३५०० आरपीएमला ३० ते ३२ अंश. आयडलिंगला जे येईल ते येऊ द्यावं. माझं मत विचाराल तर कोकणातल्या गाडीला ३० च बरे. मे महिन्यातला उष्मा, चार माणसं, छपरावर आंब्याच्या पेट्या आणि समोर घाट. वरचे दोन अंश सोडल्यानं सपाटीवर काही बिघडत नाही.

मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये आणखी एक खोच असते. जुन्या फॅन हाउसिंगमध्ये ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे त्याला कमी हवा मिळते आणि तो जास्त तापतो. म्हणून कंपनीनं कॅमचा तीन नंबरचा उंचवटाच किंचित मागे ठेवला आणि त्या सिलिंडरची ठिणगी दोन-चार अंश उशिरा पडते. तुम्ही तीन नंबरवर टायमिंग लाइट लावून बघितलं आणि आकडा जुळला नाही, तर डिस्ट्रिब्युटर खराब समजून फेकून देऊ नका. टायमिंग नेहमी एक नंबरवरच लावा.

बल्ब लावून, उभ्या इंजिनावर

बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. १९६७ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टच्या आहेत, त्यांना सहाचा बल्ब.

इंजिन घड्याळाच्या दिशेनं फिरवत हवी ती खूण सांध्यासमोर आणा. खूण पुढे गेली तर तेवढीच मागे आणू नका. मागे बरीच नेऊन पुन्हा पुढून आणा, म्हणजे गिअरमधली ढिलाई एकाच बाजूला राहते. आता रोटर बघा. डिस्ट्रिब्युटरच्या काठावर एक बारीक रेघ असते, ती एक नंबरची. रोटरवर धूळ अडवणारी प्लॅस्टिकची चकती असेल तर तिच्याखाली ही रेघ लपते, चकती काढा. रोटर त्या रेघेकडे असेल तर एक नंबरची वेळ आहे. बरोबर उलटीकडे असेल तर तीन नंबरची, मग इंजिन आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरतो, त्यामुळे तीच खूण दर दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. फायरिंगचा क्रम १-४-३-२, आणि रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो.

बल्बची एक वायर कॉइलच्या ‘१’ लिहिलेल्या टोकाला, जिथून डिस्ट्रिब्युटरला वायर जाते. दुसरी स्वच्छ, चकाकत्या लोखंडाला. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेल्या क्लॅम्पचा बोल्ट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्युटर हातानं जड फिरेल.

डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेनं थोडा फिरवा, बल्ब विझेल: पॉइंट मिटले. आता उलट दिशेनं केसभर केसभर फिरवत या. ज्या क्षणी बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले, म्हणजे तिथे ठिणगी. थांबा, क्लॅम्प आवळा. आवळताना डिस्ट्रिब्युटर हलतो, म्हणून इंजिन पुन्हा मागून फिरवत आणून बघा: खूण सांध्यासमोर येताना बल्ब पेटायला हवा. नाही पेटला तर पुन्हा. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप सावकाश चालतो. घड्याळाच्या दिशेनं डिस्ट्रिब्युटर फिरवला की टायमिंग मागे, उलट फिरवला की पुढे.

काम संपलं की चावी बंद करा. पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन राहिली तर कॉइल तापून जाते.

बल्ब विझतच नसेल तर? कोकणात हे अगदी नेहमीचं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर ऑक्साइडचा थर चढतो, ते मिटलेले दिसतात पण करंट जात नाही. बारीक पॉइंट फाइल एकदा ओढा, मग कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेला जाड कागद त्यांच्यामधून ओढून काढा. तरी विझेना तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेटची बारीक अर्थवायर तुटली आहे का बघा. आणि बल्ब पेटतच नसेल तर तुम्ही अर्थ म्हणून पकडलेली जागा गंजलेली आहे.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर बल्बच्या भानगडीत पडू नका. इंजिन चालू होईल इतपत अंदाजानं लावा आणि थेट टायमिंग लाइट घ्या.

टायमिंग लाइट

बल्बनं लावलेलं टायमिंग चांगलं असतं, पण वजनं वेगात काय करतात ते उभ्या इंजिनावर कळत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंग ढिल्या पडतात किंवा वजनं गंजून अडकतात.

भर उन्हात लाइटचा झोत दिसत नाही, म्हणून संध्याकाळी पडवीच्या सावलीत गाडी घ्या. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि लाइटच्या वायरी तिथवर पोचत नाहीत. प्लसचा चिमटा कॉइलच्या ‘१५’ ला आणि मायनसचा केसिंगला लावा. सेन्सरचा चिमटा एक नंबर प्लगच्या वायरवर. व्हॅक्यूमची एक नळी असलेला डिस्ट्रिब्युटर असेल तर ती नळी काढून तिचं कार्ब्युरेटरकडचं तोंड बुजवा. इंजिन गरम झालं की आयडलिंग साधारण ८५० आरपीएमवर आणा. ते बाराशेवर असेल तर वजनं आधीच उघडायला लागलेली असतात आणि आयडलिंगचा आकडा फसवा येतो.

आता जपायचं. लाइटच्या झोतात फिरती पुली थांबलेली दिसते. ती थांबलेली नाही. लुंगी, गळ्यातला गमछा, ओढणी, सैल बाह्या, सोन्याची साखळी, काहीही नको. एकानं अॅक्सिलरेटर सांभाळायचा, दुसऱ्यानं लाइट. लाइटवाल्यानं सांगितल्याशिवाय पहिल्यानं रेस वाढवायची नाही.

आयडलिंगला खूण बघून घ्या. मग रेस हळूहळू वाढवा. खूण एकाच दिशेनं, उजवीकडून डावीकडे, न अडखळता सरकायला हवी: ७.५ ची खूण सांध्यासमोरून सुटून डावीकडे जाईल आणि उजवीकडून लाल खूण सांध्याकडे येईल. ३५०० च्या आसपास ती थांबते, रेस वाढवली तरी पुढे जात नाही. ती जागा म्हणजे पूर्ण अॅडव्हान्स. लाल खूण तिथे बरोबर सांध्यासमोर हवी. सांध्यापर्यंत पोचली नसेल तर टायमिंग कमी आहे, ओलांडून डावीकडे गेली असेल तर जास्त. इंजिन आयडलवर आणा, क्लॅम्प किंचित सैल करून सुधारा, पुन्हा बघा.

खूण थरथरत राहिली तर शाफ्टचे बुश. झटक्यानं उडी मारून गेली तर स्प्रिंग. हललीच नाही तर वजनं अडकली आहेत: रोटर हातानं घड्याळाच्या दिशेनं पिळून सोडा, तो स्प्रिंगनं परत यायला हवा.

खारी हवा आणि अडकलेला डिस्ट्रिब्युटर

मालवण, देवगड, गुहागर असल्या किनाऱ्यावरच्या गावांत एक वेगळंच दुखणं असतं. डिस्ट्रिब्युटरचं अंग अॅल्युमिनियमचं, केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, आणि मध्ये वर्षानुवर्षांचं खारं बाष्प. क्लॅम्प सोडला तरी डिस्ट्रिब्युटर जागचा हलत नाही. हातोडी मारू नका, व्हॅक्यूमचा डबा दांड्यासारखा धरून पिळू नका. डबा तुटतो, डिस्ट्रिब्युटर तिथेच राहतो. बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी दोन्ही हातांनी अंग धरून डावी-उजवीकडे अगदी थोडं थोडं हलवा. न सुटल्यास पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. सुटला की तो वर काढून बुडखा स्वच्छ करा, रबरी रिंग नवी घाला आणि ग्रीसचा हात देऊन बसवा. बुडाची जीभ मध्यावर नसते, थोडी एका बाजूला असते, त्यामुळे तो एकाच प्रकारे बसतो. दाबून बसवावा लागत असेल तर उलटा धरलाय.

कॅपच्या आतली पितळी टोकं हिरवी-पांढरी झाली असतील तर खरवडा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बाद. त्या रेघेतून ठिणगी भलत्याच सिलिंडरला जाते आणि ते टायमिंग चुकल्यासारखंच वाटतं. पावसात सकाळी मिसिंग करणाऱ्या गाडीत आधी कॅप पुसून बघावी. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला असलेली अर्थची विणलेली पट्टीही एकदा काढून घासून घ्या.

इंजिनाचं झाकण उघडं आहे तोवर पेट्रोलच्या नळ्या बोटांनी दाबून बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर लवकर चिरतं, आणि या गाडीत पेट्रोल गळतं ते डिस्ट्रिब्युटरच्या आसपासच. मॅग्नेशियमला आग लागली तर बादलीभर पाण्यानं ती भडकते.

घाटात तपासणी

टायमिंग लावल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. जवळचा एखादा चढ निवडा, तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अॅक्सिलरेटर सावकाश दाबा. काचा वर, पंखा-रेडिओ बंद. मागून खडे हलवल्यासारखा बारीक आवाज आला तर टायमिंग दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा त्याच चढावर या. आवाज नाही, पण गाडी ओढतही नाही, तर आधी व्हॅक्यूमची नळी परत लावलीत का ते बघा. बहुतेक वेळा ती तिथेच लोंबकळत असते. ००९ वर आयडलिंगवरून एकदम अॅक्सिलरेटर दाबला की किंचित अडखळणं येतं, ते डिस्ट्रिब्युटरचं आहे. टायमिंग पुढे घेऊन ते घालवायला जाऊ नका, कार्ब्युरेटरच्या अॅक्सिलरेटर पंपाचं पेट्रोल थोडं वाढवून बघा.

चढ नीट पार झाला की इंजिन गार होऊ द्या, क्लॅम्पचा बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं बघा, आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून केसिंगवर येईल अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढे कधी गॅरेजमध्ये कुणी ‘जरा फिरवून’ दिलं, तर रेघ तुटलेली दिसेल.